शेवटचा पोचा आधी

“मग, उस्ताद? यातली एक तरी जखम खोटी वाटते का, सांगा.”

धैर्यशीलनं विचारलं आणि तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.

नबीलाल उस्तादांनी काही लगेच तोंड उघडलं नाही. बशीत निम्मा चहा होता अजून. तो त्यांनी फुंकत फुंकत, घोट घोट संपवला. बशी पालथी घातली. हात लुंगीला पुसले. दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर नीट बसवला. मग कुठं त्यांनी समोर फळीवर उभ्या असलेल्या त्या खेळण्याकडं बघितलं.

रोबो होता तो. हातभर उंच. दुकानातून आणला तेव्हा लालभडक आणि निळाशार असणार, पोरं हट्ट धरतात तसला. आता त्याला आईनंही ओळखलं नसतं. छातीवर गोळ्यांची भोकं. दंडावरून पोटापर्यंत तीन लांब ओरखडे, कुण्या लोखंडी जनावरानं पंजा मारल्यागत. पोटाशी भाजल्याचा काळा डाग. दोन्ही खांद्यांवरून गंजाचे ओघळ उतरलेले. एक डोळा तडकलेला.

बघणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी मोठ्या रणातून हा एकटाच माघारी आलाय.

“अकरा दिवस खपलोय यावर,” धैर्यशील म्हणाला. “स्पंजानं टिपून टिपून रंग उडवलाय. मिठाचे खडे चिकटवून वरून रंग मारला, मग मीठ झाडलं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घासून लोखंडाची झाक आणली. मुळात प्लास्टिक आहे उस्ताद. पण कुणी म्हणेल का?”

“न्हाई म्हणणार,” उस्ताद म्हणाले.



…

तासगाव सोडून विट्याच्या रस्त्याला लागलं, की गाव संपता संपता डाव्या हाताला करंजाच्या झाडाखाली एक पत्र्याची शेड लागते. तीच उस्तादांची जागा. कुणाच्या गाडीचा दरवाजा चेपला, मडगार्ड वाकलं, टपाला पोचा पडला, की ती गाडी तिथं येते. उस्ताद एका हातानं मागून लोखंडी ठोकळा धरतात, दुसऱ्या हातानं पुढून हातोडी चालवतात. आणि गाडी जाते तेव्हा ती कुठं धडकली होती, हे खुद्द मालकाला बोट ठेवून दाखवता येत नाही.

माणूस ऐंशीला टेकलेला. पण हातोडीचा घाव अजून जिथं पाहिजे तिथंच पडतो. तसूभर इकडं नाही, तसूभर तिकडं नाही.

धैर्यशील लाड या शेडमध्ये सात वर्षं शागीर्द होता. पत्रा ठोकायला इथंच शिकला, रंगाची पिचकारी धरायलाही इथंच शिकला. आणि पाच वर्षांमागं एका दुपारी, कुणाला न सांगता, निघून गेला.

पुण्यात त्यानं हे नवंच काम काढलं. नवीकोरी खेळणी घ्यायची आणि ती लढाई मारून आल्यासारखी रंगवायची. अशा वस्तू हौसेनं घेऊन काचेच्या कपाटात मांडणारे लोक असतात. धैर्यशीलचं नाव झालं. दोन स्पर्धांत पहिला नंबर आला. आता येत्या रविवारी तो स्वतःचं दुकान उघडणार होता.

सगळं जमलं होतं. एकच अडत होतं.

दुकानाच्या पाटीवर त्याला लिहायचं होतं, ‘नबीलाल उस्तादांचा शागीर्द’.

या धंद्यात एक रीत आहे. कागदावर कुठं लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. उस्तादानं तोंडानं ‘लाव’ म्हटल्याशिवाय त्याचं नाव लावायचं नाही. लावलं तर कुणी पकडून नेत नाही. पण चार माणसांत ‘तुझा उस्ताद कोण’ असं कुणी विचारलं, की जीभ टाळ्याला चिकटते. पुण्यात धैर्यशीलची जीभ पाच वर्षं अशीच चिकटत आली होती.

म्हणून तो आला होता. आणि रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून हा रोबो.

मनात त्यानं ठरवलं होतं… उस्ताद हा बघतील, थक्क होतील, आणि मागचं काही निघायच्या आत ‘लाव’ म्हणून मोकळे होतील.

…

“त्ये फडकं दे,” उस्ताद म्हणाले.

कोपऱ्यात खिळ्याला एक मऊ, धुऊन धुऊन विरलेलं फडकं लटकत होतं. ते कशाचं, हे धैर्यशीलला सांगायला नको. पत्रा सपाट झाला का नाही, हे उस्ताद डोळ्यानं कधीच बघत नसत. पत्र्यावर फडकं टाकायचं, डोळे मिटायचे आणि फडक्यावरून तळवा फिरवायचा. उघड्या तळव्याला घाम असतो, तो पत्र्याला चिकटतो. फडक्याखाली पत्रा बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

“उस्ताद, हे बघायचं काम आहे. हात लावायचं नाही,” धैर्यशील जरा हसून म्हणाला.

“डोळं अधू झाल्यात बाबा. हातानं बघतो.”

उस्तादांनी रोबो आडवा मांडीवर घेतला, तान्हं बाळ घ्यावं तसा. त्यावर फडकं टाकलं. डोळे मिटले.

तळवा छातीवरून गेला. दंडावरून गेला. पोटावरून. पाठीवरून. एकदा गेला, पुन्हा आला.

…

“धैर्या,” ते डोळे मिटूनच म्हणाले, “ह्यो तर नवाकोरा हाय.”

धैर्यशीलच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“नवाकोरा कसा? भोकं आहेत त्याला. खरी भोकं. सुई तापवून पाडलीत मी.”

“व्हय, व्हय. सात भोकं लागली हाताला. तेवढी हायेत.” उस्तादांनी एका भोकाच्या कडेवर नख फिरवलं. “पर ह्येच्या कडा भायेर फुगल्यात. भायेरनं गोळी आली, तर कडा आत वळाय पायजेत.”

“ते… प्लास्टिक वितळलं की कड बाहेर येतेच.”

“मंग ह्येला कुणी गोळ्या मारल्या न्हाईत. ह्येच्याच पोटातनं सुटल्या.”

आणि उस्ताद खूख् खूख् करून हसले. त्यांच्या हसण्यात कुजकेपणा नव्हता. पण पहिल्या नंबराच्या माणसाला ते हसणं फार लांब चाललं असं वाटलं.

“एवढं कोण बघतं उस्ताद?”

“कोण न्हाई बघत. मी आपलं बोललो.” त्यांनी फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. “बस की. किती वेळ हुबा ऱ्हाणार पाव्हण्यागत?”

धैर्यशीलनं बसायला खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. शेडमध्ये कधीच नव्हती. तो पत्र्याच्या डब्यावर बसला. पुण्याची इस्त्रीची पँट गुडघ्यात चुरगळली.

…

“बरं,” उस्ताद म्हणाले. “आता ह्यो आलाच हाय शेडात, तर ह्येला दुरुस्त करू.”

“दुरुस्त?” धैर्यशील दचकला. “नाही, नाही, उस्ताद, दुरुस्त नाही करायचा. तो असाच असतो. असाच ठेवायचा असतो.”

“शेडात आल्याला तसाच कसा ठिवायचा रं? आपलं काम काय?”

“…पोचं काढायचं.”

कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून शेडमधलं बोलणं निघालं. त्याचं त्यालाच ऐकू आलं.

“मंग सांग. पयला कुठला पोचा काढायचा?”

हा तर या शेडमधला पहिला धडा होता. नवा माणूस आला, की हातोडी द्यायच्या आधी उस्ताद हे शिकवत. एखादी गाडी आधी कठड्याला घासते, मग झाडावर जाते, मग मागून दुसरी येऊन धडकते. एका पोच्यावर दुसरा बसतो, दुसऱ्याच्या ओढीनं पत्रा तिसरीकडं सुरकुततो. तिथं दिसेल त्या खड्ड्यावर हातोडी घातली, तर पत्रा आणखी बिथरतो. म्हणून उलट्या पावलानं जायचं. जो घाव शेवटी बसला, तो पहिल्यांदा काढायचा. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा. असं करत करत जिथून सुरुवात झाली तिथं पोचायचं.

“शेवटचा पोचा आधी,” धैर्यशील म्हणाला.

“इसारला न्हाईस म्हण की.” उस्तादांनी रोबो पुन्हा फळीवर उभा केला आणि तोंड त्याच्याकडं फिरवलं. “मंग ह्येचा शेवटचा घाव कुठला?”

“शेवटी मी डोळा केला. तडकलेला.”

“तू शेवटी काय केलंस, त्ये न्हाई इचारलं. ह्येला शेवटी काय लागलं?”

धैर्यशीलनं रोबोच्या तडकलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं, मग काढून घेतलं.

“कुठल्यातरी लढाईत गेला आसंल न्हवं ह्यो? का घरबसल्या झालं समदं?”

“गेला असेल की.”

“मंग त्या लढाईत काय झालं त्ये सांग. सावकाश सांग. गिऱ्हाईक न्हाई आज.”

…

धैर्यशील काही कच्चा गडी नव्हता. त्यानं घसा खाकरला आणि लढाई रचायला घेतली.

“आधी गोळ्या आल्या. छातीवर. मग जवळ येऊन कुणीतरी पंजा मारला. हे तीन ओरखडे. आणि मग स्फोट झाला, त्यात पोट भाजलं.”

“म्हंजे आधी ओरखडा, मागनं भाजलं.”

“हो.”

“ह्यो तिसरा ओरखडा भाजल्याल्या डागात गेलाय बघ. तिथं त्येचा रंग कसा हाय? मला नीट दिसंना. तू सांग.”

धैर्यशीलनं वाकून बघितलं. ओरखडा लख्ख चकाकत होता. चंदेरी. तीच तर त्याची करामत होती.

“…चमकतोय.”

“भाजल्यावर बी?”

खरंच की. ओरखडा आधीचा असता, तर आगीत तोही काळा पडला असता.

“मग… आधी भाजलं,” धैर्यशील घाईनं म्हणाला. “मागून पंजा.”

“आसंल. मंग पंज्यासंगट काजळी फरफटत भायेर आली आसंल. डागाच्या भायेर काळं ओढल्यालं दिसतंय का?”

डागाची कड स्वच्छ होती. आखून काढल्यासारखी.

“नाही.”

“मंग कसं म्हनायचं?”

“उस्ताद,” धैर्यशील वैतागला, “तुम्ही अपघाताच्या गाडीसारखं बघायला लागलात. खेळणं आहे ते!”

“मी कुठं न्हाई म्हनतोय? झ्याक केलंयस. मी जलमात आसं केलं नसतं. मला फकस्त कुठनं सुरू करायचं, तेवढं सांग.”

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. खरंच हातोडी घेऊन बसलेल्या माणसानं विचारावं, तसं ते विचारत होते. धैर्यशीलला राग येईना, तीच अडचण झाली. राग आला असता, तर तो उठून तरी गेला असता. मागच्या वेळेला गेला होता तसा.

…

करंजाची पानं पत्र्यावर घासत होती. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजानं फळीवरचा रोबो बारीक थरथरला.

“गंज कवाचा?” उस्तादांनी विचारलं.

“कुठला?”

“ह्यो खांद्यावरचा. ओघळ आल्यात न्हवं खालपतोर? एवढा गंज चढाय किती दिस लागत्यात?”

हे मात्र धैर्यशीलला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर ते इतकं हुबेहूब उतरलं होतं.

“चार-पाच पावसाळे.”

“बराबर. चार-पाच तरी. आन् ओघळ कसं आल्यात? सरळ खाली. आडवा पडला आसता तर पाठीकडं गेलं आसतं.” उस्ताद पुढं झुकले. चष्म्याच्या काचेत रोबो इवलासा दिसत होता. “म्हंजे लढाई सपली. मानसं घरला गेली. आन् ह्यो पाच पावसाळं भायेर हुबाच हाय. बसला न्हाई, निजला न्हाई. कुठल्या शेडात आला न्हाई.”

धैर्यशीलनं गुडघ्यावरची चुरगळलेली पँट तळव्यानं सरळ केली.

“का आला न्हाई रं?”

…

“लाज वाटली असेल,” धैर्यशील हळू म्हणाला.

“कुणाची?”

“ज्यानं… घडवला, त्याची.”

“त्यो शेड बंद करून गेल्ता का कुठं?”

“नाही. शेड उघडीच होती.”

“मंग?”

“येताना काय बोलायचं, ते ठरत नव्हतं उस्ताद. एवढंच. रोज वाटायचं, उद्या जाऊ. मग वाटायचं, काहीतरी मोठं करून दाखवू आणि मग जाऊ.”

“आन् तवर भिजायचं.”

“तवर भिजायचं,” धैर्यशील म्हणाला.

उस्तादांनी मान डोलावली.  मग जणू मघाचंच बोलणं चालू आहे, अशा आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं,

“आता सांग. शेवटचा घाव कुठला?”

धैर्यशीलनं रोबोकडं बघितलंच नाही.

“कदम मास्तरांच्या गाडीचा दरवाजा,” तो म्हणाला.

…

ती गोष्ट अशी होती.

कदम मास्तरांच्या गाडीच्या दरवाजाला खोल पोचा होता. उस्ताद त्या दिवशी नमाजाला गेले होते, मास्तर घाई करत होते. पोचा ठोकून काढायला दोन तास लागले असते. धैर्यशीलनं तो काढलाच नाही. वरून पुट्टी भरली, घासली, रंग मारला. दरवाजा आरशासारखा दिसायला लागला. मास्तर खूष. आजूबाजूला आणखी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, तीही मान डोलवत होती.

तेवढ्यात उस्ताद आले. दरवाजावर बोटाच्या पेरानं एकदा टकटक केलं. आवाज बद्द आला. काही न बोलता त्यांनी हातोडी उचलली आणि घातली. पुट्टीचा बोटभर जाड थर सगळ्यांच्या पायाशी गळून पडला.

कुणीतरी हसलं.

धैर्यशीलनं हात धुतले, सदरा बदलला आणि तो रस्त्याला लागला. वळून बघितलं नाही.

…

“चूक माझी होती, उस्ताद,” आता तो म्हणाला. इतकी वर्षं अडकलेलं वाक्य बाहेर यायला लागलं होतं. “पुट्टी मी भरली. मला वाटलं, कळणार नाही. मी…”

“थांब.” उस्तादांनी हात वर केला. “गडबड करू नगं. तुझी हीच खोड. दिसंल त्या खड्ड्याव हातोडी.”

“पण चूक माझीच…”

“थांब म्हनलं न्हवं? पुट्टी तुझी. हातोडी कुणाची?”

“…तुमची.”

“पयली पुट्टी का पयली हातोडी?”

“पुट्टी.”

“मंग आधी काय काढायचं?”

धैर्यशीलच्या ध्यानात आलं, तसा तो डब्यावरून अर्धवट उठला. “नाही. नाही उस्ताद. तुम्ही नाही. असं कुठं असतं का? तुम्ही उस्ताद आहात.”

“पत्र्याला ठावं नसतंय, उस्ताद कोन आन् शागीर्द कोन. खाली बस.”

तो बसला.

उस्तादांनी डोक्यावरची गोल टोपी काढून मांडीवर ठेवली. पांढरे विरळ केस कपाळाला चिकटले होते. ते काही वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

“चार मानसांत मारली,” ते म्हणाले. “तुला बाजूला घिऊन मारली आसती, तरी दरवाजा तेवढाच उघडा पडला आसता. पर मला बी दाखवायचं हुतं. नबीलालच्या तळव्याला कसं कळतंय, त्ये लोकांनी बघावं, आसं वाटलं मला. तुझा पोचा झाकल्याला हुता, माझा उघडा. … नगं हुती मारायला, धैर्या. चुकलं माझं.”



ज्या माणसाच्या तोंडून शाबासकी ऐकायला तो सात वर्षं तळमळला होता, त्या माणसाच्या तोंडून हे ऐकायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. शाबासकीनं छाती फुगली असती. या बोलण्यानं छातीतलं काहीतरी, कितीतरी दिवसांचं आत दबलेलं, हळूच आपल्या जागेवर आलं. आवाज न करता. चांगला ठोकणारा असला की पोचा असाच निघतो.

“आता तुझा काढ,” उस्ताद टोपी घालत म्हणाले.

“काम चोरलं मी,” धैर्यशील म्हणाला. “आणि वर रुसून गेलो. तुमच्या घरी चाचीनं डबा भरून ठेवला होता त्या दिवशी, तोही तसाच राहिला.”

“त्यो मी खाल्ला.”

“काय?”

“वांग्याचं भरीत हुतं. टाकायचं का मंग?”

दोघंही हसले. आधी बारीक, मग मोठ्यानं. धैर्यशीलनं बाहीनं डोळे पुसले, तेव्हा बाहीला गंजाचा रंग लागलेला दिसला. रोबो उचलून आणताना लागला असणार.

…

 

दाराशी एका टेम्पोचं मडगार्ड टेकवून ठेवलं होतं. उस्तादांनी ते ओढून घेतलं. धैर्यशील न सांगता उठला, सदरा काढून खिळ्याला अडकवला आणि बनियनवर पलीकडून ठोकळा धरून बसला. उस्ताद पुढून हातोडी मारायचे, हा मागून ठोकळा बरोबर तिथं न्यायचा. सात वर्षांची सवय होती. मनगटांना ती पाठ होती.

टक… टक… टक.

एकदा ठोकळा जरा सरकला. उस्तादांनी डोळे वर केले. “पुन्यात हात मऊ पडला लेका.”

“ब्रश धरून धरून.”

“आसू दे. मऊ हाताला बी काम असतंय.”

ऊन करंजाच्या पलीकडं गेलं. मडगार्ड निम्मं सरळ झालं. फळीवर रोबो आपल्या सगळ्या जखमा घेऊन उभा होता, आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

शेवटी धैर्यशील म्हणाला, “उस्ताद, एक विचारायचं राहिलं.”

“इचार की.”

“रविवारी दुकान उघडतोय. पाटीवर तुमचं नाव लावायचं होतं. तुमचा शागीर्द म्हणून. … लावू का?”

“पाटी करायला टाकलीस?”

धैर्यशीलनं खाली बघितलं. “झालीय करून. गाडीत आहे.”

“आरं तिच्या! इचाराय आलास का दाखवाय आलास?”

“दोन्ही.”

“आन की मंग.”

तो जाऊन पाटी घेऊन आला. चांगली तीन हात लांब होती. उस्तादांसमोर आडवी धरून उभा राहिला. उस्तादांना अक्षर येत नव्हतं. “वाच,” ते म्हणाले.

“‘धैर्यशील लाड. नबीलाल उस्तादांचा शागीर्द.’”

उस्ताद उठून जवळ आले. पाटीच्या चारी कडांना गंज चढला होता. खिळ्यांच्या भोकांपासून तांबूस ओघळ खाली आले होते. एका कोपऱ्याचा रंग पोपडे धरून सुटला होता. नव्वद वर्षांपासून भिंतीवर टांगलेली असावी, अशी पाटी.

“कवाची ही?”

“…मंगळवारची.”

उस्तादांनी गंजावर नख घासलं. खाली पत्रा नवा, पांढरा, लखलखीत. त्यांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, धैर्यशीलनं पाटी खाली ठेवून त्यांची पाठ चोळली.

“पुसून नवी करून आणतो, उस्ताद,” तो ओशाळून म्हणाला. “साधी. काही न करता.”

“कशाला? एवढी मेहनत घेतलीयस. लाव हीच.”

“लावू?”

“लाव म्हनलं न्हवं?”

धैर्यशील तसाच उभा राहिला. ज्यासाठी आला होता ते मिळालं होतं, आणि त्याला ते हातात घेता येईना.

“पण उस्ताद, तुमच्या नावावरचा गंज खोटा आहे.”

“मंग भायेर लाव. आडोशाला नगं. उनात, पावसात लाव. खरा चढला, की मला न्यायला ये. बघायचा हाय मला.”

“उस्ताद…” धैर्यशीलला कसं सांगावं कळेना. त्यानं पाटीवर हळूच टिचकी मारली. “हा जस्त चढवलेला पत्रा आहे. याला खरा गंज धरायला वीस वर्षं जातील.”

उस्ताद मडगार्डपाशी जाऊन बसले. हातोडी उचलली. पलीकडं ठोकळा धरायला त्याला मानेनंच खूण केली.

“मंग?” ते म्हणाले. “मला कुठं यष्टी गाठायची हाय?”